सैनिकांच्या गुन्ह्याला त्यांचा वरिष्ठ ‘कारण’ ठरतो का? आंतरराष्ट्रीय फौजदारी कायद्यातील कार्यकारणसंबंधाविषयी

प्रश्न : टिळकवाडीची विद्यार्थिनी, बेळगाव

सर्वांना नमस्कार. मी बेळगावात कायद्याच्या शेवटच्या वर्षात शिकते आणि यंदाच्या मूट कोर्ट (अभिरूप न्यायालय) स्पर्धेत फिर्यादी पक्षाची बाजू मांडणार आहे. स्पर्धेचे कामकाज इंग्रजीतून चालते. पण मुद्दा मराठीत नीट उलगडल्याशिवाय मला तो इंग्रजीत मांडता येत नाही, म्हणून येथे विचारते.

स्पर्धेसाठी दिलेले काल्पनिक प्रकरण थोडक्यात असे आहे. एका सशस्त्र गटाचा प्रमुख शेजारच्या देशातील सरकारच्या मदतीसाठी आपल्या दोन तुकड्या पाठवतो आणि स्वतः मायदेशीच राहतो. तुकड्यांतील सैनिक तेथील वस्त्यांत शिरून खून, बलात्कार आणि लुटालूट करतात. या बातम्या रेडिओवरून आणि अधिकाऱ्यांच्या संदेशांतून प्रमुखाच्या कानावर जातात. तो एक चौकशी समिती नेमतो, काही सैनिकांवर किरकोळ लुटीचे खटले चालवतो आणि तेवढ्यावर थांबतो. अत्याचार मात्र पुढेही चालू राहतात. आरोप रोम संविधीच्या (हेग येथील आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या पायाभूत कराराच्या) कलम २८ खालचा आहे, म्हणजे वरिष्ठाने योग्य नियंत्रण न ठेवल्यामुळे कनिष्ठांनी केलेल्या गुन्ह्यांबद्दलच्या दायित्वाचा.

माझी अडचण अशी की, आम्हांला वर्गात कार्यकारणसंबंध शिकवला तो कुर्बान हुसेन रंगवाला विरुद्ध महाराष्ट्र राज्य या १९६५ च्या निवाड्यावरून. कारखानदाराने परवान्याबाहेरचे काम चालवले होते, जळत्या बर्नरजवळ ज्वालाग्राही पदार्थ साठवले होते, आगीत सात कामगार गेले. तरीही निष्काळजीपणामुळे मृत्यू घडवल्याच्या आरोपातून सर्वोच्च न्यायालयाने त्याला सोडले, कारण आगीचे निकटचे आणि परिणामकारक कारण म्हणजे एका कामगाराने वेळेआधी ओतलेले टर्पेंटाइन होते. आरोपीची कृती नसती तर अनर्थ घडला नसता, एवढे दाखवून भागत नाही, ती अनर्थाचे थेट कारण असावी लागते, हे सूत्र आमच्या डोक्यात पक्के बसले आहे.

हेच सूत्र लावले तर माझा खटला उभाच राहत नाही. सैनिकाने स्वतःच्या मर्जीने बंदूक चालवली. प्रमुखाने तर काहीच केले नाही, आणि त्याच्यावरचा आरोपही नेमका तोच आहे. काही न करणे हे एखाद्या घटनेचे कारण कसे होऊ शकते? शिवाय युगोस्लाव्हियाविषयक न्यायाधिकरणाने वरिष्ठाच्या दायित्वासाठी कार्यकारणसंबंध हा स्वतंत्र घटक लागतच नाही असे म्हटले आहे, तर रोम संविधी नियंत्रण न ठेवल्याचा ‘परिणाम म्हणून’ गुन्हे घडले असावेत अशी अट घालते. यांपैकी कोणत्या पायावर उभे राहावे? जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर : वकील, निपाणी

आपला प्रश्न चांगला आहे, पण त्यात दोन वेगवेगळ्या गोष्टी एकमेकींत मिसळल्या आहेत, त्या आधी सुट्या करू.

रंगवालाच्या निवाड्यातील कसोटी मूळची त्याच्याही आधीची. १९०२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ओंकार रामप्रताप प्रकरणात ती सांगितली होती (त्या काळी आपल्या बेळगावची अपिलेही मुंबईलाच जात), आणि सर्वोच्च न्यायालयाने तीच उचलली. पण ती कसोटी निष्काळजीपणामुळे घडलेल्या मृत्यूसाठी आहे, म्हणजे जेथे आरोपीचा हेतू नसतो आणि मृत्यू हा परिणामच गुन्ह्याचा गाभा असतो अशा प्रकरणांसाठी. आपलाच कायदा अपप्रेरणेच्या (दुसऱ्याला गुन्ह्यासाठी चिथावण्याच्या किंवा साहाय्य करण्याच्या)  बाबतीत पूर्णपणे निराळे बोलतो. अपप्रेरणेचा गुन्हा पूर्ण होण्यासाठी अपप्रेरित कृत्य प्रत्यक्ष घडलेच पाहिजे असे नाही, हे जुन्या दंड संहितेत होते आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही आहे. चिथावणी देणाऱ्याला शिक्षा करताना, ‘याने सांगितले नसते तर त्याने मारले असते का’ हा प्रश्न आपले न्यायालय निर्णायक मानत नाही. त्यामुळे भारतीय कायदा सर्वत्र निकटचे कारण मागतो आणि आंतरराष्ट्रीय कायदा ते सोडून देतो, असे चित्र आपण रंगवू नये.

आंतरराष्ट्रीय खटल्यांत कार्यकारणसंबंधाचा प्रश्न दोन पातळ्यांवर उभा राहतो. पहिली पातळी कृत्य आणि हानी यांच्यातील आहे : या गोळीने, या मारहाणीने, या उपासमारीने हा माणूस मेला का? येथे न्यायाधिकरणे आपल्यासारखीच वागतात आणि कृत्य हे मृत्यूचे भरीव कारण असावे असे म्हणतात. बोस्नियातील फोचा येथील तुरुंगाच्या अधीक्षकावरील क्रनोयेलाच खटल्यात (२००२) मारहाणीनंतर कैद्याने केलेल्या आत्महत्येचा प्रश्न आला, तेव्हा खंडपीठाने छळ आणि मृत्यू यांच्यात दुवा सिद्ध होतो का हे तपासले. आत्महत्येस प्रवृत्त केल्याचे खटले चालवणाऱ्या आपल्याकडच्या कोणाही वकिलाला तो युक्तिवाद परका वाटणार नाही.

दुसरी पातळी आरोपी आणि प्रत्यक्ष गुन्हेगार यांच्यातील आहे, आणि आपली अडचण येथे आहे. मध्ये एक जिवंत, स्वतंत्र इच्छेचा माणूस उभा असतो. शेकडो माणसांनी मिळून केलेल्या अत्याचारांत एखाद्याला वगळून पाहिले तर चित्र सहसा बदलत नाही; त्याच्या जागी दुसरा कोणी आलाच असता. आमच्या चिकोडी-निपाणी भागात २०१९ च्या महापुरानंतर जो वाद चालला तो आठवा : कोणी अलमट्टीच्या फुगवट्याकडे बोट दाखवले, कोणी कोयनेच्या विसर्गाकडे, कोणी नदीपात्रातील अतिक्रमणांकडे, कोणी नुसत्या पावसाकडे. ‘हे एक नसते तर पूर आला नसता’ अशी कसोटी प्रत्येकाला लावत गेल्यास शेवटी कोणीच जबाबदार उरत नाही. म्हणून या पातळीवर आंतरराष्ट्रीय कायदा कारण न शोधता हातभार मोजतो.

हातभाराची मापे मात्र वेगवेगळी आहेत. सहगुन्हेगारासाठी आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने लुबांगा प्रकरणात (१४ मार्च २०१२) त्याचा हातभार अत्यावश्यक असावा, म्हणजे त्याने हात काढून घेतला तर योजना कोसळावी, असा निकष लावला. त्याच निकालात न्यायमूर्ती फुलफर्ड यांनी वेगळे मत नोंदवले की, आरोपी नसता तर काय झाले असते या कल्पनेच्या खेळात न्यायाधीशांनी शिरणेच चुकीचे आहे. ते मत जरूर वाचा, आपल्या कामाचे आहे. मदतनिसासाठी हातभार भरीव असला की पुरे. फुरुंजिया प्रकरणात (१० डिसेंबर १९९८) मदत ही गुन्ह्याची अपरिहार्य अट असण्याची गरज नाही असे स्पष्ट म्हटले आहे. समान उद्देशाच्या गटाला केलेल्या साहाय्यासाठी कटांगा प्रकरणात (२०१४) ‘लक्षणीय’ हातभाराची कसोटी वापरली गेली. वंशसंहाराची थेट व जाहीर चिथावणी हा गुन्हा तर परिणामाची वाटच पाहत नाही.

एवढे सैल केल्यावर कार्यकारणसंबंधाला काही किंमत उरते का, असे वाटेल. उरते, आणि त्याचा उत्तम दाखला रवांडाच्या माध्यमखटल्याचा आहे. आरटीएलएम या रेडिओ केंद्राविषयी अपील खंडपीठाने २८ नोव्हेंबर २००७ रोजी असे मत दिले की, प्रसारण आणि खून यांच्यातील काळ जितका लांबतो, तितकी खुनाचे खरे कारण दुसरेच काही असण्याची शक्यता वाढते. त्यामुळे ६ एप्रिल १९९४ पूर्वीच्या, म्हणजे वंशसंहार सुरू होण्यापूर्वीच्या, प्रसारणांनी नंतरच्या हत्यांना भरीव हातभार लावला, हे सिद्ध झालेले मानले गेले नाही. ‘कांगुरा’ नियतकालिकाच्या बाबतीतही तसेच झाले. त्या रेडिओ केंद्राचे एक संस्थापक नाहिमाना यांची जन्मठेप ३० वर्षांवर आली. म्हणजे ‘भरीव’ हा शब्द शोभेचा नाही. त्यावर माणसाची शिक्षा कमी-जास्त होते.

आणखी एक जुना दाखला. १९४६ मध्ये हॅम्बुर्गच्या ब्रिटिश लष्करी न्यायालयाने छळछावण्यांना झायक्लॉन बी हा विषारी वायू पुरवणाऱ्या व्यवसायाचे मालक ब्रुनो टेश आणि त्यांचे दुय्यम यांना फाशी दिली, पण त्याच व्यवसायातील तंत्रज्ञाला सोडले. पुरवठा व्हावा किंवा थांबावा यावर त्याचा काही प्रभाव चालतच नव्हता. घडणाऱ्या गोष्टीवर ज्याचा हात पोहोचत नाही त्याला तिच्याशी बांधता येत नाही, एवढा कार्यकारणाचा अंश तेथेही शिल्लक राहिला.

कलम २८ वर मी मुद्दाम लिहीत नाही. खानापूरचे सर येथे आहेत, ते अधिक अधिकाराने सांगतील.

उत्तर : बचाव पक्षाचे वकील, चिकोडी

निपाणीच्या वकील मित्रांचे विवेचन नेटके आहे, पण मला ते फारच समाधानी वाटते. अत्यावश्यक, भरीव, लक्षणीय ही विशेषणे न्यायाधीशांच्या सोयीची आहेत. लक्षणीय कोठे संपते आणि भरीव कोठे सुरू होते हे मोजण्याचे साधन कोणाकडेच नाही. माझ्या अशिलाला फाशी किंवा तीस वर्षे देताना ‘तुझा हातभार भरीव होता’ एवढेच सांगितले जात असेल, तर त्याने काय केले नसते म्हणजे तो सुटला असता, हे त्याला कळायला हवे. फौजदारी कायद्यात संशयाचा फायदा आरोपीला मिळतो; या विशेषणांच्या धुक्यात तो फायदा गुपचूप फिर्यादीकडे सरकतो.

वरिष्ठाच्या दायित्वात हा धोका सर्वांत मोठा आहे, आणि इतिहास त्याची साक्ष देतो. फिलिपिन्समधील जपानी सैन्याचे सेनापती जनरल यामाशिता यांच्यावर मनिलात खटला चालला आणि ७ डिसेंबर १९४५ रोजी त्यांना फाशीची शिक्षा सुनावली गेली. फिलिपिन्समधील जपानी सैनिकांनी केलेले अत्याचार भयानक होते, यात वादच नाही. पण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ४ फेब्रुवारी १९४६ रोजी हस्तक्षेपास नकार दिला तेव्हा न्यायमूर्ती मर्फी यांनी भिन्नमत देताना जे दाखवले ते आजही टोचते : ज्या अमेरिकी फौजांनी यामाशितांची संदेशयंत्रणा आणि सैन्यरचना उद्ध्वस्त करण्यासाठी जिवाचे रान केले, तेच आता त्यांच्यावर नियंत्रण सुटल्याचा आरोप ठेवत होते. नियंत्रण सुटण्याचे कारण समोरचा शत्रू असेल, तर त्या सुटलेल्या नियंत्रणाचा परिणाम कोणाच्या नावावर लिहायचा? २३ फेब्रुवारीला यामाशितांना फाशी दिली गेली.

विद्यार्थिनी ताई, आपण फिर्यादी पक्षाच्या आहात म्हणून आपल्यासमोर काय येणार ते सांगतो. मी बचावाला असतो तर एकच प्रश्न धरून बसलो असतो : प्रमुखाने नेमके कोणते पाऊल उचलले असते तर नेमका कोणता गुन्हा टळला असता? सर्वसाधारण शिस्त, प्रशिक्षण, दरारा असली उत्तरे मी स्वीकारली नसती. दूरच्या देशात, दुसऱ्या सैन्याबरोबर लढणाऱ्या तुकड्यांवर मायदेशी बसलेल्या माणसाचा हात किती पोहोचतो, हे मी तारखेवार विचारले असते. आणि त्याने धोका वाढवला असे आपण म्हणालात, तर मी उत्तर देईन की धोका वाढवणे आणि घटना घडवणे यांतील अंतर आपण केवळ शब्दांनी पुसत आहात.

पूरक प्रश्न : टिळकवाडीची विद्यार्थिनी, बेळगाव

दोघांचेही आभार. चिकोडीच्या सरांचा प्रश्न वाचून मला घाम फुटला, पण तो आत्ताच समोर आला हे बरे झाले.

एक शंका आणखी वाढली. कलम २८ मध्ये वरिष्ठाची कर्तव्ये दोन प्रकारची दिसतात : गुन्हे रोखणे किंवा आवरणे, आणि घडलेल्या गुन्ह्यांची चौकशी व खटला यांसाठी प्रकरण सक्षम अधिकाऱ्यांकडे सोपवणे. गुन्हा घडून गेल्यानंतर शिक्षा न करणे हे त्याच गुन्ह्याचे कारण कसे ठरेल? कारण तर आधी घडावे लागते. येथे संविधीतील ‘परिणाम म्हणून’ ही अट अर्थहीनच होते, असे नाही का?

उत्तर : निवृत्त अध्यापक, खानापूर

शंका अगदी मर्मावर आहे. या प्रश्नावर हेगच्या न्यायाधीशांचेही एकमत झालेले नाही, तेव्हा आपल्याला तो अवघड वाटला यात कमीपणा नाही.

प्रथम युगोस्लाव्हिया न्यायाधिकरणाची भूमिका का तशी आहे ते पाहू. चेलेबिची निकालात (१६ नोव्हेंबर १९९८) खंडपीठाने म्हटले की, वरिष्ठाच्या दायित्वात कार्यकारणसंबंध हा सिद्ध करण्याचा स्वतंत्र घटक नाही. त्याचे एक कारण आपण म्हणता तेच होते : घडून गेलेल्या गुन्ह्याला शिक्षा न करणे हे त्या गुन्ह्याचे कारण असू शकत नाही, आणि तरीही शिक्षा न करणाऱ्या वरिष्ठाला कायदा जबाबदार धरतो, त्या अर्थी कार्यकारणसंबंध ही या दायित्वाची अट असू शकत नाही. अपील खंडपीठाने ब्लाश्किच प्रकरणात २००४ मध्ये हीच दिशा कायम ठेवली.

पण या भूमिकेचा एक परिणाम पुष्कळदा नजरेतून सुटतो, आणि माझ्या मते सगळ्या चर्चेचा कणा तो आहे. कारणाची अट काढून टाकली तर वरिष्ठाला नेमके कशासाठी दोषी धरायचे? हलिलोविच निकालात (२००५) खंडपीठाने सरळ सांगितले की, वरिष्ठ दोषी ठरतो तो स्वतःच्या कर्तव्यच्युतीबद्दल. कनिष्ठांनी केलेले खून जणू त्यानेच केले असे मानले जात नाही. शिक्षांकडे पाहा. बोस्नियाचे सेनाधिकारी हाजिहासानोविच यांना २००६ मध्ये पाच वर्षे झाली आणि २००८ च्या अपिलात ती साडेतीन वर्षांवर आली. त्यांच्याबरोबरच्या कुबुरा यांची अडीचवरून दोन वर्षांवर. याउलट, कलम २८ खाली दोषी धरलेल्या काँगोतील सशस्त्र गटप्रमुख जाँ-पिएर बेंबा यांना २१ जून २०१६ रोजी अठरा वर्षे सुनावली गेली. हा फरक केवळ न्यायाधीशांच्या कडकपणाचा नव्हे. प्रकरणांची व्याप्ती वेगळी होती हे खरे. पण गुन्ह्यांशी वरिष्ठाचे नाते कोणते मानले, हेही त्यात आहे. नाते कारणाचे मानले तर गुन्ह्याचे ओझे त्याच्या डोक्यावर जाते, कर्तव्यच्युतीचे मानले तर त्याच्या स्वतःच्या चुकीपुरते राहते. चिकोडीच्या मित्रांना भीती आहे ती, माझ्या समजुतीप्रमाणे, यांपैकी पहिल्या नात्याची किंमत दुसऱ्याचा पुरावा देऊन वसूल केली जाण्याची. ती भीती रास्त आहे.

आता रोम संविधीकडे येऊ. ती १७ जुलै १९९८ रोजी स्वीकारली गेली आणि १ जुलै २००२ पासून लागू झाली. भारत तिचा पक्ष नाही, पण आपल्या स्पर्धेतील काल्पनिक राष्ट्रे आहेत असे मी धरून चालतो. तिच्या मजकुरात कारणाची अट लिहिलेली आहे, तेव्हा ती नाहीच असे म्हणण्याची सोय हेगच्या न्यायालयाला नाही. बेंबा यांच्यावरील आरोप निश्चित करताना पूर्वचाचणी खंडपीठाने (खटला सुरू होण्यापूर्वीच्या टप्प्यावरील) १५ जून २००९ रोजी तीन पावले टाकली. एक, अट प्रत्यक्षात रोखण्याच्या कर्तव्याशी जोडलेली आहे. दोन, शिक्षा न करण्याने मागच्या गुन्ह्याचे कारण घडत नसले तरी पुढच्या गुन्ह्यांचा धोका वाढतो, तेव्हा भविष्याच्या दिशेने ते कारण होऊ शकते. तीन, अकृतीचा परिणाम प्रयोगशाळेत मोजता येत नाही, म्हणून ‘हे नसते तर ते नसते’ ही कसोटी आग्रहाने लावायची नाही. वरिष्ठाच्या निष्क्रियतेने गुन्ह्यांचा धोका वाढला असे दाखवले की पुरे.

आपल्या शंकेचे निम्मे उत्तर दुसऱ्या पावलात आहे. आपल्या प्रकरणात अत्याचार एका दिवसात संपलेले नाहीत, ते चालू राहिले आहेत. पहिल्या आठवड्यातील गुन्ह्यांना शिक्षा झाली नाही हे पाचव्या आठवड्यातील गुन्ह्यांचे कारण म्हणून मांडता येते. पहिल्या आठवड्यातील गुन्ह्यांबाबत मात्र आपल्याला आधीचे काहीतरी दाखवावे लागेल : तुकड्या पाठवतानाचे आदेश, प्रशिक्षण, पगार व रसद यांची व्यवस्था, पूर्वीच्या मोहिमांतील वर्तनाची माहिती. सर्व गुन्हे एकाच दाव्यात कोंबू नका, त्यांचे काळानुसार गट करा.

चाचणी खंडपीठाने (प्रत्यक्ष खटला चालवणाऱ्या) २१ मार्च २०१६ च्या निकालात सावध वाट धरली. बेंबांनी योग्य नियंत्रण ठेवले असते तर ते गुन्हे, ज्या परिस्थितीत घडले त्या परिस्थितीत, घडले नसते, एवढे सिद्ध झाल्यास दुवा नक्कीच पूर्ण होतो, मात्र कायद्याला लागणारे प्रमाण याहून कमीच आहे, असे म्हणून त्यांनी ते कमी प्रमाण नेमके किती हे ठरवण्याचे टाळले. न्यायमूर्ती स्टायनर आणि ओझाकी यांनी स्वतंत्र मतांत या मुद्द्यावर वेगवेगळी मांडणी केली. मला स्टायनर यांची वाट अधिक चालण्याजोगी वाटते : वरिष्ठाने कर्तव्य केले असते तर गुन्हे टळण्याची किंवा त्याच रीतीने न घडण्याची मोठी संभाव्यता होती, एवढे दाखवावे. धोका नुसता वाढला म्हणणे फार हलके आहे, आणि गुन्हे खात्रीने टळले असते म्हणणे कोणालाच शक्य नाही.

पुढे ८ जून २०१८ रोजी अपील खंडपीठाने तीन विरुद्ध दोन मतांनी बेंबांची निर्दोष मुक्तता केली. बहुमताचे म्हणणे मुख्यतः असे होते की, दूर अंतरावरून परदेशातील तुकड्यांचे नेतृत्व करणाऱ्याच्या मर्यादांचा चाचणी खंडपीठाने पुरेसा विचार केला नाही, आणि त्याने सर्व आवश्यक व वाजवी उपाय योजले नाहीत हा निष्कर्ष त्यामुळे टिकत नाही. कार्यकारणसंबंधाचे प्रमाण कोणते, याचा निर्णय बहुमताने त्या निकालात दिला नाही. आपल्यापुढील जागा त्या अर्थाने मोकळी आहे.

रंगवालाचा ‘मध्ये दुसऱ्याची कृती आली’ हा आक्षेप मात्र येथे लागू पडत नाही. कारखानदाराचे कर्तव्य कामगारांनी चुका करू नयेत एवढ्यासाठीच नव्हते. सेनापतीचे कर्तव्य मुळात कनिष्ठांच्या स्वेच्छेने होणाऱ्या गुन्ह्यांनाच आवर घालण्यासाठी आहे. ज्या गोष्टीपासून राखण्यासाठी राखणदार नेमला, तीच घडली म्हणून त्याची जबाबदारी तुटली, असे म्हणता येत नाही. हे वाक्य हवे तर जसेच्या तसे वापरा.

जर्मनीच्या २००२ च्या आंतरराष्ट्रीय गुन्ह्यांविषयीच्या संहितेकडेही पाहावे. तिने हे दायित्व तीन ठिकाणी वाटले : माहीत असून गुन्हे न रोखणारा वरिष्ठ प्रत्यक्ष गुन्हेगाराच्या बरोबरीने दोषी; देखरेखीत कसूर करणारा वेगळ्या, सौम्य अपराधाचा दोषी; आणि घडलेला गुन्हा न कळवणारा तिसऱ्या अपराधाचा. शिक्षा न करण्यापुढे कार्यकारणाची अडचणच उरत नाही, कारण तेथे कोणी त्याला गुन्ह्याचे कारण म्हणत नाही. रोममध्ये १९९८ ला तडजोडींच्या घाईत हे सर्व एका कलमात बसवले गेले, आणि त्याची किंमत आजवर प्रत्येक खंडपीठ मोजते आहे, असे माझे मत आहे.

उत्तर : वकील, निपाणी

सरांच्या उत्तरात भर म्हणून २००३ चा एक आदेश सुचवतो. हाजिहासानोविच प्रकरणातच अपील खंडपीठाने १६ जुलै २००३ रोजी, तीन विरुद्ध दोन मतांनी, असे ठरवले की वरिष्ठाने पद स्वीकारण्यापूर्वी कनिष्ठांनी केलेल्या गुन्ह्यांबद्दल त्याला दायित्व येत नाही, जरी नंतर त्याला ते कळले आणि त्याने शिक्षा केली नाही तरीही. कार्यकारणसंबंध लागत नाही म्हणणाऱ्या न्यायाधिकरणानेच येथे कालक्रमाची रेघ ओढली. बचाव पक्ष हा आदेश आपल्यावर टाकेल. उलट आपणही तो वापरू शकता, कारण आपला प्रमुख पहिल्या दिवसापासून पदावर आहे.

चिकोडीच्या मित्रांच्या ‘कोणते पाऊल आणि कोणता गुन्हा’ या प्रश्नाला तयार उत्तर आपल्या प्रकरणातच आहे, असे मला वाटते. तुकड्या त्याने पाठवल्या, म्हणजे परत बोलावण्याचा अधिकारही त्याचाच होता. बेंबा प्रकरणातील चाचणी खंडपीठानेही सैन्य मागे घेणे किंवा नागरी वस्त्यांपासून दूर हलवणे या उपायांची चर्चा केली आहे. तुकडी परत आली असती तर त्या वस्तीतील त्या तारखेनंतरचे गुन्हे त्या तुकडीकडून घडू शकले नसते. हा एकमेव उपाय असा आहे की ज्याच्या बाबतीत ‘हे केले असते तर ते घडले नसते’ ही सर्वांत कडक कसोटीसुद्धा आपण उत्तीर्ण होता. तेव्हा युक्तिवाद तेथून सुरू करा, आणि प्रशिक्षण, शिस्त व चौकशी समितीचा तोकडेपणा हे मुद्दे, ज्यांना स्टायनर यांची सैल कसोटी लागेल, ते नंतर घ्या. प्रमुखाला परतीचा आदेश देण्याइतका संपर्क होता हे दाखवणारे संदेश कागदपत्रांत कोणत्या तारखांचे आहेत तेवढे आज पाहून ठेवा. पहिला संदेश कोणत्या गुन्ह्याच्या आधीचा आहे, यावर कोणते आरोप पुढे रेटायचे आणि कोणते सोडायचे हे ठरेल.

उत्तर : बचाव पक्षाचे वकील, चिकोडी

माघारीचा मुद्दा मजबूत आहे, मान्य. तरी सावध राहा. मी उत्तरात असे म्हणेन की तुकड्या यजमान सरकारच्या सेनापतीच्या हाताखाली लढत होत्या, आणि लढाईच्या मध्यावर त्यांना ओढून घेणे हा ‘वाजवी’ उपाय नव्हता. २०१८ च्या बहुमताने वाजवीपणा ठरवताना त्या वेळी प्रत्यक्षात उपलब्ध असलेले पर्याय पाहण्यावर भर दिला आहे. तेव्हा प्रत्यक्ष ताबा कोणाकडे होता याचा पुरावा आधी बांधा, कारणाचा युक्तिवाद त्यानंतर. ताबाच यजमानांकडे निघाला, तर कलम २८ च्या बाकीच्या अटींपर्यंत खंडपीठ पोहोचणारच नाही.